एकाच कादंबरीत सायफाय, सटायर आणि डिस्टोपिया, हे जमवतात कसं?

कोरा_कागद

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

मागच्या वर्षी मी एक दीर्घकथा लिहिली. २०७०च्या आसपासचं शहर, ऊन इतकं की दुपारी बाहेर पडणं अशक्य आणि सावली मीटरवर मिळते, म्हणजे पुलाखाली, झाडाखाली, कुणाच्या गॅलरीखाली उभं राहिलात की मिनिटाप्रमाणे पैसे कटतात. गोष्ट एका हाउसिंग सोसायटीत घडते, सोसायटीच्या आवारात एक जुना वड आहे आणि त्याच्या सावलीचं काय करायचं यावर जनरल बॉडी मीटिंग भरते. भाडेकरूंना निम्मी सावली द्यायची का, कामवाल्या बायकांना पास द्यायचा का, पाहुण्यांचं काय, असं सगळं. इथपर्यंत ज्यांना ज्यांना वाचायला दिली ते सगळे हसले. पण शेवटी वॉचमनचा मुलगा गेटबाहेर उन्हात राहतो आणि मीटिंग चालूच असते.

एका दिवाळी अंकाकडे पाठवली, परत आली. संपादकांनी सविस्तर पत्र लिहिलं होतं, की सुरुवात विनोदी आहे, मधे विज्ञानकथा होते आणि शेवट अंगावर येतो, वाचकाला कळत नाही कुठल्या मूडने वाचायचं, तर काय ते एक ठरवा. तेव्हापासून हाच विचार डोक्यातून जात नाहीये. जॉर्ज ऑर्वेलची '१९८४' आणि ऑल्डस हक्सलीची 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' या दोन्ही कादंबऱ्या परत वाचून काढल्या पण मला जे हवंय ते नीट सापडलं नाही.

तर प्रश्न असा की हे तिन्ही प्रकार, म्हणजे सायफाय (विज्ञानकथा), सटायर (उपहास) आणि डिस्टोपिया (बिघडलेल्या, भीतिदायक जगाचं चित्र), एकाच कादंबरीत खरंच एकजीव होतात का, की कुठला तरी एक बाकी दोघांना खाऊन टाकतो? आणि होत असतील तर हसू थांबून भीती सुरू होते ती नेमकी कुठे, ते लेखक कसं करतो? थिअरी नको, कुणी एखादी कादंबरी जवळून वाचली असेल तर त्यातलं सांगा.

निळी_शाई

कोरा_कागद, आधी एक विनंती, ती कथा एका खणात बसवायला जाऊ नका. तुम्ही वाचलेल्या दोन्ही कादंबऱ्या थोरच आहेत पण त्यात जग पहिल्या पानाच्या आधीच बिघडलेलं असतं, आपण आयत्या घरात शिरतो. तुमच्या कथेत ते आपल्या डोळ्यांदेखत बिघडतंय, आणि तेही मीटिंग घेऊन, ठराव करून. त्यासाठी तुम्ही कारेल चापेकची वॉर विथ द न्यूट्स वाचा.

चापेक चेक लेखक, 'रोबोट' हा शब्द ज्याच्या १९२०च्या नाटकातून जगभर गेला तो (शब्द मुळात सुचवला त्याच्या भावाने, योसेफने). ही कादंबरी १९३६ची. आधी ती लिदोव्हे नोव्हिनी या पेपरात क्रमशः आली, आणि चापेक त्याच पेपरात पत्रकार होता. हे पत्रकार असणं फार महत्त्वाचं आहे, पुढे सांगते का ते.

यातलं सायफाय म्हणाल तर एवढंसंच. सुमात्राजवळच्या एका बेटापाशी एका म्हाताऱ्या कॅप्टनला समुद्रात मोठाले सॅलमँडर (पालीसारखे दिसणारे उभयचर प्राणी, नावातले न्यूट्स ते हेच) सापडतात, दोन पायांवर चालणारे, लहान मुलाएवढे, शिकवलं की शिकणारे. ते त्याला शिंपल्यातून मोती काढून देतात, शार्क त्यांना खातात म्हणून तो त्यांना सुऱ्या देतो. बस्स, एवढी एकच गोष्ट खोटी मानायची, त्यानंतर लेखक आपल्याकडून दुसरं काही मानायला लावत नाही. आणि हा प्राणीसुद्धा त्याने हवेतून काढलेला नाही. १७२६ मध्ये शॉइख्झर नावाच्या स्विस शास्त्रज्ञाने एक जीवाश्म नोआच्या महापुरात बुडालेल्या माणसाचा सांगाडा म्हणून जाहीर केला होता, नंतर क्यूव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की हा सॅलमँडर आहे. म्हणजे ज्याला एकदा माणूस समजण्याची चूक झाली होती नेमका तोच प्राणी चापेकने उचलला, आणि त्याच्या कादंबरीत माणसं उलटी चूक करतात.

कॅप्टन वारल्यावर त्याच्या मोत्यांच्या धंद्यात पैसा घालणाऱ्या कंपनीची बोर्ड मीटिंग होते. अध्यक्ष सांगतात मोत्यांचा भाव पडलाय, आता खरा धंदा मोत्यांचा नाही तर या प्राण्यांचाच, बंदरं बांधायला, गाळ काढायला, किनारे भरायला यांना मजूर म्हणून विकायचं. मग त्यांच्या प्रती ठरतात, मुकादम, अवजड कामाचे, टोळीत राबणारे, किरकोळ कामाचे, रद्दी आणि शेवटी पिल्लावळ, आणि प्रत्येकाचा वेगळा बाजारभाव. हे सगळं व्यापारी बातमीपत्राच्या कोरड्या भाषेत आहे, कुठेही लेखक मधे येऊन अरेरे म्हणत नाही. मला पहिल्यांदा वाचताना खूप हसू आलं आणि दोन पानांनी लक्षात आलं की हा गुलामांचा बाजार आहे आणि मी त्याचं दरपत्रक वाचत बसलेय.

मधला मोठा भाग तर जवळजवळ पूर्ण कात्रणांचा आहे. पोवोंद्रा नावाचा एक दरवान, ज्याने सुरुवातीला त्या कॅप्टनला मालकांना भेटू दिलेलं असतं, तो न्यूट्सबद्दल जिथे जे छापून येईल ते कापून ठेवत असतो आणि आपण त्याचा तो गठ्ठा वाचतो. बातम्या, परिषदांचे अहवाल, पत्रकं, तळटीपा, वेगवेगळे टाइप. पत्रकार असणं महत्त्वाचं म्हटलं ते यासाठी. शास्त्रज्ञ काय म्हणतात, शाळावाले काय म्हणतात, जर्मन लोक बाल्टिकमधले न्यूट जास्त उच्च वंशाचे कसे ते सिद्ध करतात (साल १९३६ आहे हे विसरू नका). माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. सायफायने एक नवी वस्तू जगात आणून ठेवली, सटायर म्हणजे त्या वस्तूकडे प्रत्येक धंद्याचा माणूस आपापल्या सवयीने कसा बघतो त्याची नोंद, आणि डिस्टोपिया म्हणजे त्या सगळ्या नोंदींची बेरीज. यात खलनायक कुणीच नाही हो, जो तो आपलं काम नीट करतोय!

पुढे न्यूट्स अब्जांनी वाढतात, त्यांना उथळ किनारे कमी पडायला लागतात आणि ते जमीन फोडायला सुरुवात करतात, माणसांनीच दिलेल्या स्फोटकांनी. तरीही देश त्यांना शस्त्रं विकत राहतात कारण शेजारच्या देशाने विकली तर आपण मागे पडू. व्हादुत्सला परिषद भरते, तिथे न्यूट्सच्या बाजूने माणूसवकील बसतात आणि दुसऱ्याची जमीन देऊन आपली कशी वाचवता येईल याची चर्चा होते. दोन वर्षांनी, सप्टेंबर १९३८ मध्ये, म्युनिकला चापेकचाच देश असा वाटाघाटीत कापला गेला, चेकोस्लोव्हाकियाला टेबलाशी न बसवता. त्याच वर्षी २५ डिसेंबरला चापेक गेला. ही परिषद मी जेव्हा जेव्हा वाचते तेव्हा मला पुस्तक थोडा वेळ खाली ठेवावं लागतं.

म्हणून म्हणते, तुमची जनरल बॉडी मीटिंग वाढवा, कमी करू नका.

अवकाळी

मी थोडं वेगळं बोलतो, निळी_शाई तुमचं सगळं मान्य करून. न्यूट्स मी दोनदा अर्धवट सोडली. धरायला माणूसच नाही त्यात, सगळं जग आहे पण जिवाला लागेल असं कुणी नाही, पोवोंद्रा सोडला तर. आणि कोरा_कागद यांच्या कथेत वॉचमनचा मुलगा आहे, म्हणजे त्यांना माणूस हवाय. तर माझ्याकडून रशियन लेखक झाम्यातिनची कादंबरी 'वी', म्हणजे आम्ही.

१९२०-२१ मध्ये लिहिलेली, स्वतःच्या देशात छापू दिली नाही, इंग्रजी भाषांतर १९२४ मध्ये न्यूयॉर्कला निघालं आणि सोव्हिएत संघात ती छापली गेली थेट १९८८ मध्ये. झाम्यातिन जहाजबांधणीचा इंजिनियर, पहिल्या महायुद्धात रशियासाठी बर्फफोडी जहाजं बांधून घ्यायला इंग्लंडात राहिलेला. हे सांगतो कारण कादंबरीचा निवेदकही इंजिनियर आहे, डी-५०३, नावं नाहीतच तिथे नंबर आहेत, तो इंटिग्रल नावाचं अंतराळयान बांधतोय आणि डायरी लिहितोय, परग्रहावरच्या मागासलेल्या लोकांना आमचं सुखी राज्य कळावं म्हणून.

आता यात सटायर कुठे, तर तो माणूस ज्या गोष्टींचं कौतुक करतो त्यात. घरं काचेची, पडदा ओढायला गुलाबी कुपन लागतं. प्रत्येक घास ५० वेळा चावायचा असा नियम. आणि त्याच्या मते प्राचीन लोकांनी मागे ठेवलेलं सगळ्यात महान साहित्य म्हणजे रेल्वेचं वेळापत्रक! मी डोंबिवलीहून रोज लोकलने जातो, पंधरा वर्षं झाली, ते वाक्य वाचून आधी हसलो आणि मग गप्प झालो कारण माझी झोप, माझा चहा, मुलीला शाळेत सोडणं, सगळं खरोखर एका गाडीच्या वेळेवर बसवलेलं आहे आणि ती चुकली नाही की मला बरं वाटतं. डी-५०३ला जे बरं वाटतं ते मला आतून माहीत आहे, म्हणून मी त्याच्यावर वरून हसू शकत नाही.

शेवटी त्याच्या मेंदूवर ऑपरेशन होतं, कल्पनाशक्ती काढून टाकायचं. ज्या बाईवर त्याने जीव लावला तिचा छळ तो समोर बसून बघतो आणि डायरीत लिहितो, अगदी शांतपणे, नीटनेटकं, जवळजवळ पहिल्या पानावर लिहायचा तसंच. मधल्या पानांत त्याची भाषा विस्कटलेली असते, वाक्यं अर्धवट सुटतात, उणे एकच्या वर्गमुळाने तो हैराण होतो, तेव्हा तो आपल्याला माणूस वाटायला लागतो. आणि मग परत ती नीटनेटकी भाषा येते. पहिल्या पानावर त्या भाषेला आपण हसलेलो असतो.

हसू कुठे थांबवायचं विचारलंत ना, तर या कादंबरीत ते थांबवायला लेखकाने काही नवीन आणलेलं नाही, जुनीच भाषा परत वापरली. तुमच्या संपादकांचं मात्र एका बाबतीत बरोबर असू शकतं, तुमची सुरुवात आणि शेवट वेगवेगळ्या आवाजात लिहिली गेली असेल तर वाचकाला ती दोन गोष्टींची शिवण वाटणार.

कोरा_कागद

हे वाचून मी कथा उघडली आणि खरंच, शेवटच्या चार पानांत भाषा एकदम जड झालीये, मुलाच्या तोंडावर ऊन, डांबर वितळतंय वगैरे. सुरुवातीला सगळं सेक्रेटरींच्या तोंडून आहे आणि शेवटी मी स्वतः बोलायला लागलोय. हे मला वर्षभर दिसलं नव्हतं. मनापासून धन्यवाद. अजून लिहा प्लीज.

रात्रपाळी

मी जाहिरातीत काम करते, कॉपी लिहिते, त्यामुळे माझं उदाहरण माझ्या धंद्यातलं आहे. द स्पेस मर्चंट्स, फ्रेडरिक पोल आणि सिरिल कॉर्नब्लुथ या दोघांनी मिळून लिहिलेली, १९५३. पोलने स्वतः जाहिरातीसाठी कॉपी लिहिलेली होती आणि ते पानोपानी कळतं.

यात जगावर राज्य जाहिरात कंपन्यांचं. निवेदक मिचेल कोर्टनी हा स्टार कॉपीरायटर, त्याला काम मिळतं शुक्र ग्रह विकायचं, म्हणजे लोकांनी तिथे राहायला जावं म्हणून कॅम्पेन करायचं. शुक्रावर जगणं भयंकर आहे हे त्याला माहीत आहे, तो त्याचा प्रश्नच नाही. एक कॉफीसारखं पेय आहे, त्यात सवय लागेल असं काहीतरी घातलेलं, एकदा प्यायलात की कायमचं गिऱ्हाईक. हे तो अभिमानाने सांगतो, आणि ज्या लयीत सांगतो ती लय मी ओळखते, आमच्या प्रेझेंटेशनमध्ये तीच असते.

मग कथानक त्याला उचलून खाली टाकतं. त्याची ओळख पुसली जाते, तो कोस्टा रिकामधल्या एका शेवाळ-मळ्यावर कंत्राटी मजूर होतो आणि तिथे त्याला तीच पेयं, त्याच वस्तू उधारीवर घ्याव्या लागतात, पगारापेक्षा उधारी जास्त, सुटका नाही. तळघरात चिकन लिटल नावाचा कोंबडीच्या मांसाचा एक अवाढव्य जिवंत गोळा वाढतोय, त्याचे रोज काप काढून खायला घालतात. ही कल्पना सायफाय म्हणून भारी आहेच पण तिची भीती वाटते कारण आता ती विकणारा माणूस ती खातोय.

कोरा_कागद, मला वाटतं तुमच्या कथेत उन्हात वॉचमनचा मुलगा नको, किंवा फक्त तो नको. सेक्रेटरी गेटबाहेर अडकू दे. त्यांनीच केलेला नियम त्यांना वाचून दाखवू दे कुणीतरी, प्रेमाने. गरिबाचं पोर उन्हात मरतं यावर वाचक हळहळतो आणि पान उलटतो, हे मी फार वेळा बघितलंय.

खडूचा_तुकडा

मी निवृत्त शिक्षक आहे, मराठी शिकवायचो. तुम्हा मंडळींएवढं परदेशी वाचन नाही पण संपादकांना हे खण का लागतात त्याबद्दल थोडं सांगावंसं वाटलं.

आपल्याकडे 'विडंबन' म्हटलं की डोळ्यांपुढे अत्र्यांची झेंडूची फुलं येतात, म्हणजे कवितेची नक्कल करून केलेली थट्टा. सटायरला तो शब्द पुरत नाही. उपहास किंवा उपरोध जास्त जवळचा. आणि उपहास आपल्याकडे जुना आहे, कोल्हटकरांच्या सुदाम्याच्या पोह्यांत सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या मिळून एकेक रूढी कशी पकडतात ते मी वर्गात वाचून दाखवायचो आणि पोरं खदखदून हसायची. पण तो उपहास चालू काळाचा, पुढच्या काळाचा नाही.

विज्ञानकथा दुसऱ्या दाराने आली. मराठी विज्ञान परिषद १९६६ची, तिचा हेतूच विज्ञान मराठीतून लोकांपर्यंत नेणं. १९७४ मध्ये परिषदेच्या कथास्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या नावाने आलेली कृष्णविवर ही कथा पहिली आली आणि ती निघाली जयंत विष्णू नारळीकरांची, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं नाव. त्या पिढीवर विज्ञान समजावून सांगायची जबाबदारी होती आणि ती त्यांनी फार निष्ठेने पार पाडली. नारळीकरांच्याच 'वामन परत न आला' या कादंबरीत यंत्र हाताबाहेर जायची भीती आहेच, पण सूर गंभीर, रहस्य उलगडत नेण्याचा. त्यामुळे दिवाळी अंकाच्या अनुक्रमणिकेत विनोदी कथा एकीकडे आणि विज्ञानकथा दुसरीकडे अशी सवय पडली असावी असं मला वाटतं. संपादकांचा आकस नाही त्यात, त्यांना कुठल्या मथळ्याखाली टाकायची ते सुचलं नसेल.

तुमची सोसायटीची सभा ही मला सुदाम्याच्या घराण्यातली वाटते. फक्त ती २०७०मध्ये भरली आहे. हे मराठीत व्हायला हवं आहे फार दिवसांपासून, म्हणून थांबू नका.

निळी_शाई

सर, तुमचा मुद्दा मी वहीत उतरवून घेतला.

अवकाळी, न्यूट्समध्ये धरायला माणूस नाही हे खरं आहे, मी भांडणार नाही. पण शेवटाजवळचं एक पान तेवढं वाचाच. पोवोंद्रा म्हातारा झालाय, मुलाबरोबर प्रागमध्ये व्ल्तावा नदीवर गळ टाकून बसलाय, समुद्रापासून एवढं दूर, आणि पाण्यातून एक काळं डोकं वर येतं. तो घरी येऊन अंथरूण धरतो आणि म्हणत राहतो की माझंच चुकलं, मी त्या कॅप्टनला आत सोडायला नको होतं. अख्ख्या कादंबरीत कारखानदार, बँका, सरकारं, सगळ्यांनी त्या संकटाला पैसा पुरवलाय, आणि चूक कबूल करतो तो एक दरवान. मला तरी तिथे माणूस सापडला.

आणि १९८४बद्दल एक राहिलं होतं. ऑर्वेलने १९४९ मध्ये, पुस्तक आल्यावर लगेच दिलेल्या निवेदनात त्याला स्वतःच सटायर म्हटलंय, की असं जग येईलच असं नाही पण याच्यासारखं काहीतरी येऊ शकतं. आपण ते इतकं घाबरून वाचतो की त्यातलं हसणं दिसत नाही. ज्युलिया कादंबऱ्या तयार करणाऱ्या मशीनवर काम करते, हातात पाना घेऊन! चॉकलेटचं रेशन ३० ग्रॅमवरून २० वर येतं आणि दुसऱ्या दिवशी लोक रेशन वाढवून २० ग्रॅम केल्याबद्दल आभार मानायला मोर्चा काढतात. हे सोसायटीच्या नोटीस बोर्डवर लावा, अगदी जसंच्या तसं बसेल.

कोरा_कागद

काल रात्री बसून शेवटची चार पानं काढून टाकली. आता कथा संपते ती मीटिंगच्या मिनिट्सवर, सगळी एकाच भाषेत, सेक्रेटरींच्या. विषय क्रमांक ६ वडाची छाटणी, विषय क्रमांक ७ गेटबाहेर आढळलेल्या इसमाबाबत. सेक्रेटरी स्वतः बाहेर अडकतात ते कसं आणायचं यावर अजून अडलोय, कारण मग मिनिट्स कोण लिहिणार? रात्रपाळी, सुचलं तर सांगा.

आणि न्यूट्सची इंग्रजी प्रत पुण्यात कुणाकडे वाचायला मिळेल का? महिन्याभरात परत देतो.

रात्रपाळी

जॉइंट सेक्रेटरी लिहितील ना! "सेक्रेटरी अनुपस्थित" एवढीच नोंद करून पुढचा विषय घेतील.

निळी_शाई

माझ्याकडे आहे, कोथरूडला. कात्रणांच्या पानांवर सगळीकडे पेन्सिलच्या खुणा आहेत माझ्या, चालत असेल तर मेसेज करा, रविवारी सकाळी घरीच आहे.